नसांच्या दुखण्याची गोळी एकदम बंद केली. ती अंगातून जायला किती दिवस?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, वजन ५२ किलो, जुना मधुमेह. तळपायांची आग आणि मुंग्यांसाठी तिला आठ महिने प्रेगॅबालिन ७५ सकाळ-रात्र चालू होती. गेल्या महिन्यात आग वाढली म्हणून डॉक्टरांनी १५० सकाळ-रात्र केली. पहिले दोन दिवस बरे गेले. मग दिवसभर गुंगी, चालताना तोल जाणं, पावलांना सूज. न्हाणीघरात पडता पडता वाचली, तेव्हा घाबरून आम्हीच गोळी एकदम बंद केली. आज चौथा दिवस. गुंगी उतरली, पण आता झोपच नाही, घाम येतो, मळमळतं, जीव घाबराघुबरा होतो आणि पाय पुन्हा पेटलेत. औषध अजून अंगात आहे म्हणून हे होतंय का? पूर्ण जायला किती दिवस लागतील? लघवीवाटे लवकर जावं म्हणून पाणी भरपूर पाजतोय. बाकी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, बीपीची गोळी आणि दुपारी नसांच्या ताकदीची बी-१२ ची गोळी चालू आहे. गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक घेते. सहा महिन्यांपूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.४ होतं. पुढच्या महिन्यात तिला बहिणीकडे दुबईला न्यायचं आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दिवसांचा हिशेब खाली करूच, पण त्याआधी दोन गोष्टी लगेच करा.

पहिली, घाम आणि घाबराघुबरं होणं सुरू असतानाच ग्लुकोमीटरवर साखर बघा. तुम्ही सांगितलेली लक्षणं प्रेगॅबालिन अचानक थांबवल्याचीच वाटतात, पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाची साखर उतरली तरी हुबेहूब असंच होतं. त्यातून मळमळीमुळे आईंचं जेवण कमी झालं असेल आणि शुगरची गोळी मात्र तेवढीच चालू असेल, तर ही शक्यता अजिबात लांबची नाही. आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि साखर वर आली की काहीतरी खायला द्या. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून तो दिवस आणि ती रात्र लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

दुसरी, दुपारच्या त्या ‘ताकदीच्या’ गोळीची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्या अक्षरात काय नाव आहे ते सोडा. मागे घटकांच्या यादीत नुसतं ‘मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम’ लिहिलेलं असेल तर ते खरोखरच जीवनसत्त्व आहे. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक गोळ्यांत ‘प्रेगॅबालिन ७५ मिलिग्रॅम, मिथाइलकोबालामिन ७५० मायक्रोग्रॅम’ असं जोडमिश्रण असतं. नावाला ‘एनटी’ चिकटलेलं असेल तर बहुतेक वेळा नॉरट्रिप्टिलीन (नसांच्या दुखण्यावरचं आणखी एक औषध) १० मिलिग्रॅमसुद्धा. मधुमेहाचे डॉक्टर एक पट्टी देतात, गुडघ्यासाठी हाडांचे डॉक्टर दुसरी देतात, दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही आणि घरात दोन्ही ‘नसांची गोळी’ म्हणून गुण्यागोविंदाने चालू राहतात. तसं असेल तर आई महिनाभर ३०० नव्हे, ३७५ मिलिग्रॅम घेत होत्या आणि गोळी ‘बंद’ झालेलीच नाही, ३७५ वरून एकदम ७५ वर आली आहे. कोणताही निर्णय घेण्याआधी हे डॉक्टरांना माहीत असायला हवं.

आता मूळ प्रश्न. प्रेगॅबालिन शरीरात फारसं बदलत नाही. यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही. रक्तातल्या प्रथिनांनाही ते चिकटत नाही. पोटात गेलेल्या औषधातलं ९० टक्क्यांहून जास्त शोषलं जातं आणि जवळपास सगळंच जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा एकच, मूत्रपिंड. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर अंगातलं औषध निम्मं व्हायला सरासरी सहा-साडेसहा तास लागतात. यालाच डॉक्टर हाफ-लाइफ म्हणतात. १०० चे ५०, ५० चे २५, मग साडेबारा, सव्वासहा आणि पाचव्या फेरीला तीन. पाच हाफ-लाइफ झाल्या की औषध व्यवहारात गेलं असं धरतात. म्हणून नेटवर ‘दीड दिवसात जातं’ असं वाचायला मिळतं. धडधाकट तरुणासाठी ते बरोबरही आहे, पण तुमच्या आईंना ते लागू नाही.

का ते आकड्यांत बघा. मूत्रपिंडाचं काम अंदाजायचं जुनं, सोपं सूत्र असं : १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, आलेल्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा आणि स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. आईंचं : १४० वजा ६८ म्हणजे ७२. ७२ गुणिले ५२ म्हणजे ३७४४. ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८. भागाकार ३७.१, त्याला ०.८५ ने गुणलं की साधारण ३१.५ मिलिलिटर दर मिनिटाला. रिपोर्टात १.४ दिसतं, लॅब त्यापुढे फार तर एक छोटा ‘एच’ छापते आणि घरचे म्हणतात थोडंसंच वाढलंय. पण बारीक अंगाच्या, वय झालेल्या बाईच्या शरीरात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं. अशा अंगात १.४ म्हणजे मूत्रपिंडाचं काम अर्ध्याहून खाली आलेलं.

हे काम ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर प्रेगॅबालिनची हाफ-लाइफ सरासरी १६-१७ तासांवर जाते, १५ ते ३० मध्ये २५ तासांच्या आसपास आणि १५ च्या खाली जवळजवळ दोन दिवसांवर. आई ३१.५ वर, म्हणजे पहिल्या गटाच्या अगदी काठावर. त्यांच्यासाठी १७ ते २० तास धरणं योग्य. त्याच्या पाचपट म्हणजे साडेतीन ते सव्वाचार दिवस.

यातून आणखी एक कोडं सुटतं : डोस वाढवल्यावर पहिले दोन दिवस बरे का गेले आणि नंतर का बिघडलं? जायला जितके दिवस, तितकेच दिवस औषध अंगात पूर्ण साचायलाही लागतात. दर १२ तासांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या निरोगी माणसाच्या अंगात सकाळची गोळी घेताना आदल्या दिवसाचं जेमतेम ५५ मिलिग्रॅम शिल्लक असतं. हाफ-लाइफ १७ तासांची असेल तर तीच शिल्लक २३५-२४० होते आणि त्यावर नवे १५० पडतात. चिठ्ठीवर डोस तोच, पण अंगात औषध दुपटीच्या आसपास. गुंगी, तोल जाणं, पावलांची सूज, नजर अंधुक होणं ही सगळी त्याचीच लक्षणं. ३० ते ६० च्या गटात दिवसाला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम द्यावं असं औषधाच्या माहितीपत्रकात आहे, पण ३० च्या खाली गेलं की ती मर्यादा थेट १५० होते. म्हणजे डॉक्टरांनी दिलेला डोस कागदावर चूक नव्हता, पण काठावरचा होता. रिपोर्ट सहा महिने जुना, आणि मधल्या काळात डायक्लोफेनॅक. ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. जुलाब-उलट्या झाल्या असतील, किंवा बीपीची गोळी रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन या जातीची असेल, तर डायक्लोफेनॅकचा तडाखा जास्त बसतो. आज क्रिएटिनिन १.७ निघालं तर त्याच सूत्राने आकडा २६ वर येतो आणि ३०० चा डोस दुप्पट ठरतो. ही तपासणी आज-उद्या करून घ्याच.

आणि रक्तातलं प्रेगॅबालिन मोजायच्या भानगडीत पडू नका. नेहमीच्या लॅबमध्ये ते होत नाही, लघवीच्या साध्या ड्रग-टेस्ट किटमध्येही ते सापडत नाही, आणि कुठे झालंच तरी त्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत.

मग आज चौथ्या दिवशी अंगात किती उरलं असेल? दुपारच्या गोळीत प्रेगॅबालिन नाही असं धरलं तर वरच्या हिशेबाने फार तर ८ ते १५ मिलिग्रॅम. ७५ च्या एका कॅप्सूलचा पाचवा हिस्सा म्हणा. म्हणजे आत्ताचा त्रास औषध अंगात उरल्याचा नाही, ते इतक्या झपाट्याने गेल्याचा आहे. प्रेगॅबालिन नसांच्या टोकांवरच्या कॅल्शियमच्या वाटा दाबून धरतं, त्यामुळे दुखण्याचे संदेश कमी सुटतात. नऊ महिने हे चाललं की मज्जासंस्था त्या दाबाला सरावते. दाब एकदम काढला की ती उसळते : झोप उडते, घाम, मळमळ, डोकेदुखी, जुलाब, चिडचिड, धास्ती, आणि दुखणं आधीपेक्षाही जास्त वाटतं. औषध जायचं घड्याळ तासांवर चालतं, सवय सुटायचं घड्याळ दिवस-आठवड्यांवर. ही दोन घड्याळं एकच समजली की माणूस ‘औषध अजून गेलं नाही वाटतं’ म्हणत वाट बघत बसतो, आणि त्याच चुकीने पाणी पाजत राहतो.

पाण्याने प्रेगॅबालिन लवकर धुऊन निघत नाही. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगावर ते अवलंबून आहे, लघवी किती होते त्यावर नाही. अंगात पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढणं वेगळं. पण पावलांना सूज असलेल्या, मूत्रपिंड मंद झालेल्या बाईंना तांब्यावर तांबे पाजले तर सूज वाढेल, धाप लागेल, रक्तातलं सोडियम उतरू शकेल. तहानेप्रमाणे पाणी आणि नेहमीचं जेवण. जिऱ्याचे, धण्याचे काढे याबाबतीत काही करत नाहीत.

मग करायचं काय? आजच डॉक्टरांना फोन करा आणि ‘चार दिवसांपूर्वी आम्हीच गोळी थांबवली’ हे सरळ सांगा. अनेकजण रागावतील म्हणून हे लपवतात, मग डॉक्टर समजतात की ३०० नेही आग थांबत नाही आणि डोस आणखी वाढवतात. घरच्या घरी पुन्हा १५० सकाळ-रात्र सुरू करू नका. चार दिवसांत अंग जवळपास रिकामं झालंय, त्यावर एकदम पूर्ण डोस पडला तर पहिल्याच दोन दिवसांत पुन्हा तोल जाईल. अशा वेळी डॉक्टर सहसा कमी डोसवर, उदाहरणार्थ रात्रीच्या एका ७५ वर, परत आणून स्थिर करतात आणि नवं क्रिएटिनिन बघून तिथेच ठेवायचं की उतरवायचं ते ठरवतात. पुढे कधी पूर्ण थांबवायची वेळ आली तर माहितीपत्रकाप्रमाणे निदान एक आठवडा घेऊन उतरवायचं असतं. ब्रिटनमध्ये आठवड्याला ५० ते १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी करू नये असा प्रघात आहे आणि वयस्कर माणसासाठी आम्हाला तोच जास्त पटतो. आपल्याकडे ७५ च्या कॅप्सूल कुठेही मिळतात, म्हणजे ३०० वरून २२५, मग १५०, मग ७५, मग बंद, प्रत्येक पायरीवर एक आठवडा. शेवटची पायरीच सगळ्यांत जड जाते, तिथे ५० किंवा २५ च्या कॅप्सूल मागवून घ्याव्यात. कॅप्सूल उघडून भुकटी अंदाजाने अर्धी करणं, किंवा ‘एसआर’ लिहिलेली गोळी मोडून-कुटून देणं, हे दोन्ही नको. एसआर मोडली की दिवसभरात सुटणारं औषध तासाभरात सुटतं.

रात्रीची गोळी परत सुरू झाली की वेळेकडे लक्ष द्या. रिकाम्या पोटी घेतलेलं प्रेगॅबालिन रक्तात एक-दीड तासात टोकाला पोहोचतं, जेवणानंतर घेतलं तर सुमारे तीन तासांनी, आणि ते टोकही पाव हिश्शाने बुटकं असतं. एकूण शोषण मात्र तेवढंच. आई साडेदहाला गोळी घेऊन झोपत असतील तर मधुमेहामुळे एक-दीडला लघवीला उठायची वेळ आणि गुंगीचा जोर एकाच वेळी येतो. साडेसातला जेवण आणि आठला गोळी केली की जोर अकराच्या सुमाराला, झोपेत निघून जातो. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा आणि उठताना दोन मिनिटं पलंगावर बसून मग उभं राहायला सांगा. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाही.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक बंदच करा. पॅरासिटॅमॉल ५०० चालेल, मात्र तळपायांच्या आगीवर त्याचा फार उपयोग होणार नाही हे आधीच सांगतो. ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी कुणी दिली तर प्रेगॅबालिनचं नाव आवर्जून सांगा. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, आणि वय झालेल्यांत व मूत्रपिंड मंद असलेल्यांत हा धोका जास्त. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ च्या डिसेंबरात यावर खास इशारा दिला होता. झोपेची गोळी, झोप आणणारं खोकल्याचं औषध आणि दारू यांनाही हेच लागू. आग होते म्हणून पाय गरम पाण्यात बुडवणं किंवा पिशवीने शेकणं टाळा. बधिर तळव्याला चटका कळत नाही आणि मधुमेहात तो फोड महिनोन् महिने भरत नाही. शुगरच्या गोळीत पायोग्लिटाझोन असेल तर तेही सांगा, कारण सूज त्यानेही येते आणि दोघांमुळे मिळून जास्त. मूत्रपिंडाचा आकडा एवढा खाली असताना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडचे डोसही पुन्हा तपासायला हवेत.

डॉक्टर कदाचित औषधच बदलायचं म्हणतील, तेव्हा एवढं लक्षात असू द्या. गॅबापेंटिनचा मार्ग हाच, मूत्रपिंडाचा. निरोगी माणसात त्याची हाफ-लाइफ पाच ते सात तास, पण मूत्रपिंडाचं काम ३० च्या खाली असेल तर ५० तासांच्या पुढे, तेव्हा बदलून या बाबतीत काही सुटणार नाही. ड्युलोक्सेटीन यकृतात मोडतं, हाफ-लाइफ सुमारे १२ तास, पण ३० च्या खाली तेही टाळतात, आणि तेही एकदम सोडायचं नसतं. ॲमिट्रिप्टिलीन-नॉरट्रिप्टिलीन दिवसभराहून सावकाश निम्मी होतात, पूर्ण जायला आठवडाभर धरा. साठीपुढच्या माणसात त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबू शकते आणि तोल जातोच.

आईंना झटका आला, त्या असंबद्ध बोलू लागल्या, हलवूनही नीट जाग्या होईनात, श्वास मंद झाला, ओठ निळसर दिसले किंवा दिवसभरात लघवी झाली नाही, तर फोनवर चर्चा करत बसू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत घ्या. सूज मात्र औषध गेल्यावरही आठवडाभर रेंगाळू शकते. ती दोन्ही पायांवर सारखी असेल आणि उतरत असेल तर घाबरायचं कारण नाही. एकाच पायावर, दुखरी, गरम सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा.

दुबईचं. संयुक्त अरब अमिरातीत प्रेगॅबालिन नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. इथे औषधाच्या दुकानात सहज मिळते म्हणून सामानात टाकून नेली तर विमानतळावर अडचण होऊ शकते. तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर प्रवाशांसाठी आगाऊ परवानगीचा अर्ज असतो. त्याला जोडायला डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी आणि पत्र घ्या. त्यात औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांसाठी आणि कोणत्या आजारासाठी हे असावं आणि रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलेलं असावं. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डब्यात सुट्या भरू नका. दुपारच्या त्या पट्टीत प्रेगॅबालिन निघालं तर तिच्यासाठीही हेच सगळं करावं लागेल. डोस अजून ठरायचा असल्यामुळे आधी क्रिएटिनिन आणि डॉक्टरांची भेट, मग अर्ज. नाहीतर परवानगी १५० ची आणि पिशवीत ७५, असा घोळ व्हायचा.